आधी नाव, मग उडी

तो गेल्यावर त्याच्या जलदान विधीला पाण्याचे जार आणले होते. मंडपाच्या कडेला ते निळे जार ओळीनं मांडलेले दिसले आणि माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांना प्यायला जार, आचाऱ्याला जार, आणि भन्तेजींसमोरच्या तांब्यात ओतलं तेही जारचंच. ज्या माणसानं नळाच्या पाण्याला उभ्या जन्मात ‘शिळं पानी’ याखेरीज दुसरं नाव दिलं नाही, त्याच्या नावानं हे! मी त्याच्या मुलीला बाजूला घेऊन म्हणालो, “अगं, निदान आजच्या दिवस तरी एखाद्या विहिरीचं आणायचं.” ती पुण्याला नर्स आहे, शांत पोरगी. म्हणाली, “काका, एकीचं आणलं असतं तर बाकीच्या रुसल्या असत्या.”

हे बोलणं तिच्या बापाचं होतं. मला तिथंच रडू कोसळलं आणि साठी उलटलेला माणूस मी, जारांच्या आड तोंड लपवून उभा राहिलो.

आमचा छंद ऐकून लोक हसतात. कुणी किल्ले करतं, कुणी लेणी बघत फिरतं. आम्ही दोघं विहिरी पोहायचो. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका हायस्कुलात तो गणित शिकवायचा आणि मी मराठी. रविवार उजाडला की त्याची स्कूटर माझ्या दारात. डिकीत टॉवेल, चड्ड्या, भेळीचा पुडा आणि दोरीला बांधलेला एक दगड. विहीर नवी असली की आधी तो दगड सोडून पाणी किती खोल आहे ते बघायचा. काष्टीच्या बाजारात भाजी आणायला म्हणून जायचा आणि भाजी विसरून, आलेल्या शेतकऱ्यांकडून विहिरींचे पत्ते घेऊन यायचा. वहिनी म्हणायच्या, “ह्यांना मेथीची जुडी आनायला धाडावं तर हे हीर घेऊन येत्यात.”

शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी त्यानं मला गाव विचारलं नाही की घर कुठं घेतलं ते विचारलं नाही. “पवता येतं का?” एवढंच. मी हो म्हणालो.

“मुटका का सूर?”

“सूर.”

त्यानं तोंड वाकडं केलं. सूर म्हणजे हात जोडून, डोकं खाली घालून पाण्यात अलगद शिरायचं. तो मुटक्याचा माणूस. गुडघ्यांना मिठी मारून असा आदळायचा की काठावरचे टॉवेल भिजायचे. “चोरावानी काय शिरायचं? आपन आलोय म्हनून पान्याला कळलं पायजे.” वर आला की मान मागं टाकून एक मोठी आरोळी ठोकायचा आणि ती विहिरीतून परत येईपर्यंत कान देऊन थांबायचा. आवाज तर असा, की तो पाचवीकडून पाढे म्हणवून घ्यायला लागला की पलीकडं माझ्या दहावीच्या वर्गात कविता बंद पडायची. आरोळी कशी परत येते त्यावरून तो विहिरीचा स्वभाव सांगायचा. ही लाजरी, ही भांडकुदळ, ही नव्यानं नांदायला आलेली. एका विहिरीत मी विचारलं, “आणि ही रे?” म्हणाला, “ही मराठीची मास्तरीन हाय. एक सांगितलं का चार सांगती.”

पण हे सगळं नंतर. आधी नाव. विहीर कुणाचीही असो, मालकाला गाठून त्याला आपलं नाव सांगितल्याशिवाय तो पाण्याला पाय लावत नसे. नुसतं नाव नव्हे. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव, आणि शेवटी, “आमचं घर बुद्धविहारामागं.” आडनावावरून कळलं नसेल तर विहारावरून कळावं. चप्पल काढून, ताठ उभा राहून, वर्गात हजेरी द्यावी तसं खणखणीत सांगायचा. मालक उसात असला तर उसात शिरून सांगायचा. मालक गावाला गेलेला असला तर आम्ही बांधावर भेळ खाऊन कोरडेच परत यायचो.

मला याचा भारी वैताग यायचा. उन्हातान्हात यायचं, समोर हिरवंगार पाणी, आणि हा बाबा मालक शोधत बांधाबांधानं हिंडतोय. मी माझं नाव कुठंच सांगत नसे; मला कुणी विचारतही नसे. एकदा चिडून म्हणालो, “अरे, आम्ही दोघं मास्तर आहोत, पोहायला आलोय, एवढं सांगितलं तर भागत नाही का?”

त्यानं डोळे बारीक केले. “मग मास्तर पवला. मी कुटं पवलो?”



बहुतेक लोक “बरं, पवा की” म्हणून आपल्या कामाला लागायचे. एका मळ्यात मात्र मालक नाव ऐकेपर्यंत हसतमुख होता. ऐकलं आणि म्हणाला, “आज मोटार चालू करायचीय. पानी गढूळ हुईल. परत कवातरी या.” तेव्हा लाइटच नव्हती. हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. मी भांडायला पुढं झालो तर यानं मागून माझा शर्ट धरला. मालकाला नमस्कार केला आणि चप्पल पायात घातली. वाटेत मी तणतणत होतो. तो म्हणाला, “गड्या, तू कशाला तापतो? आपन कोन हाय ते त्याला कळलं, आन् तो कोन हाय ते आपल्याला. फिटंफाट.” हसत म्हणाला, पण त्या दिवशी त्यानं भेळीला हात लावला नाही. पुडा घरी परत आला.

पारनेरकडच्या एका म्हातारीनं मात्र त्याची चांगली जिरवली. ती शेळीला पाला घालत होती. यानं समोर उभं राहून नाव, बाप, आडनाव, गाव, विहार सगळं म्हणून दाखवलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आरं, पवायला आलाय का सोयरीक जमवायला?” मी हसून खालीच बसलो. पोहून वर आलो तर तिनं शेळीच्या दुधाचा चहा ठेवलेला. त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. नंतर म्हणाला, आजवरचा सगळ्यात चांगला चहा. मला तर त्यात शेळीचा वास येत होता. पण त्या विहिरीला आमच्यात तेव्हापासून ‘सोयरीक’ हेच नाव पडलं.

आमच्या गावी, आमच्या स्वतःच्या विहिरीवर त्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा मला धास्ती वडलांची होती. वडील जुन्या वळणाचे, आणि कमी बोलणारे. यानं त्यांच्यासमोरही हजेरी दिली. वडलांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. “उतर,” म्हणाले. पण ते घराकडं गेले नाहीत. आम्ही पाण्यात असेपर्यंत काठावर उकिडवे बसून राहिले. मला काही ते पोहणं गोड लागलं नाही. परतताना हा म्हणतो, “म्हातारा माझं पवनं बघत हुता. कुनालाबी बघावंसंच वाटंल!” वडील खरंच काय बघत होते, कोण जाणे. आता दोघंही नाहीत, आणि आपापल्या जागी दोघं मला सारखेच आठवतात.

त्या संध्याकाळी स्कूटरला मागं बसलेलो असताना त्यानं मला एकदाच त्याच्या आज्जीबद्दल सांगितलं. मान न वळवता, वाऱ्यावर. त्याच्या आज्जीच्या काळात त्यांच्यातल्या बायांनी हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभं राहायचं. गावातलं कुणी आलं आणि त्याच्या मनात आलं तर तो शेंदून वरून हंड्यात ओतायचा. कुणी आलं नाही तर दुपारपर्यंत उन्हात उभं. “पानी मिळायचं गड्या, न्हाई असं न्हाई. पन आज्जीनं त्या हिरीत वाकून कदी बघितलं न्हाई. जल्मभर जिचं पानी पेली, ती आतनं कशी दिसती तेच तिला म्हाईत नव्हतं.” मग गाडी खड्ड्यातून गेली आणि त्यानं रस्त्याला शिवी दिली. परत तो विषय त्यानं काढला नाही. मला मात्र त्यानंतर मालक शोधत हिंडण्याचा वैताग आला नाही.

दुसऱ्या पाण्यांचं त्याला वावडं होतं. शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती. एवढं अथांग पाणी समोर, आणि हा काठावर शेंगा सोलत बसला. मी म्हणालो, आता काय झालं? म्हणाला, “ह्याचा मालक सरकार. सरकारला काय नाव सांगायचं? त्याच्या मस्टरवर रोज सही करतोय की.” पुढं गावोगाव प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी झाली. ती तर त्याला बघवत नसत. “कागदात बांधलेलं पानी,” म्हणायचा, “भेळीवानी.” विहिरीही बुजत चालल्या होत्या. बोअर लागलं की लोक विहिरीत कचरा टाकायला लागायचे. एकदा आम्ही अशाच एका विहिरीवर पोचलो, तर आत काटेरी झुडपं आणि फुटक्या पाइपांचा ढीग. तो तरीही मालकाकडं गेला आणि नाव सांगून आला. मी म्हणालो, “आता कशात उडी मारणार?” म्हणाला, “उडी र्‍हाऊ दे. भेटायला आल्तो, भेटून जाऊ.”

तंबाखू त्याला सुटली नाही. वहिनी डबी लपवायच्या, हा दुसरी आणायचा. आधी आवाज बसला. आम्ही सगळे म्हणालो, पाढे कमी कर. मग गिळताना दुखायला लागलं. पुण्याला नेलं तोवर स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. ऑपरेशन झालं आणि गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं. आता श्वास नाकातोंडातून नाही, तिथून. आवाज कायमचा गेला. मुलीनं मला बाहेर नेऊन समजावलं, “काका, त्या भोकातून पाणी गेलं तर ते थेट फुप्फुसात जाणार. पोहायचं आता विसरायचं. अंघोळसुद्धा जपून.”

एकाच वेळी त्याचं पाणी गेलं आणि आवाजही गेला. मला तंबाखूचा राग आला, डॉक्टरचा आला, त्याचा स्वतःचा तर फारच आला. रागावून करणार काय?

घरी आल्यावर तो खुणांनी बोलायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं स्कूटरची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पाणी कापल्यासारखं केलं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि किल्ली माझ्या हातातून काढून घेतली.

“भावजी, तुमाला माझी शपथ हाय. ह्यांना हिरीवर न्यायचं न्हाई. मला हे मुके चालतील. पन हायेत तेवढे तरी र्‍हाऊ द्या.”

मी शपथ घेतली. त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि पुढचे कित्येक दिवस मी गेलो की तो भिंतीकडंच बघत असायचा. मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो, शाळेतल्या जुन्या गमती सांगायचो. पाठ हलायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमचं भांडण झालं होतं, आणि त्यात एकटा मीच बोलत होतो.

मग तपासणीत कळलं की रोग फुप्फुसात उतरलाय. मुलीनं काही लपवलं नाही, त्याच्यासमोरच सांगितलं. तो भिंतीकडून वळला. माझ्याकडं बघून आडवा तळवा कमरेला लावला. पाणी एवढंच. कमरेइतकंच. मी वहिनींकडं पाहिलं. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. रोज मी गेलो की त्याचा तळवा कमरेला लागायचा. भीक मागताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला पाहवत नव्हतं.

एकदा मी बाहेर बसलो होतो आणि तो अंघोळीला गेलेला. बराच वेळ पाण्याचा आवाज नाही. वहिनी घाबरून धावल्या. दार उघडं होतं. हा स्टुलावर बसलेला, अंगावर सगळे कपडे तसेच, पाय तेवढे बादलीत. गरम पाणी केव्हाच थंड झालेलं. बादलीतल्या पायांकडं टक लावून बघत होता. वहिनी दारात उभ्याच राहिल्या. मी चप्पल घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. “भावजी, पायऱ्या असलेली हीर कंच्या गावाला हाय? हां. मंग रिक्षा सांगा. मी बी येनार हाय.”

जवळच्याच एका गावात मळ्यात जुनी बारव आहे, खालपर्यंत दगडी पायऱ्या असलेली. चैत्र लागला होता, पाणी बरंच खाली गेलेलं. वहिनींनी चार टॉवेल घेतले होते आणि त्याच्या गळ्याभोवती एक घट्ट गुंडाळला होता. एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी, असं धरून आम्ही त्याला एकेक पायरी उतरवलं. शेवटच्या कोरड्या पायरीवर आलो आणि तो खाली बसला. पाय आखडून घेतले. पाण्याला टाच लागू देईना.

“अहो, चला ना,” वहिनी म्हणाल्या. “आता काय?”

मला कळलं होतं. वर वस्तीला कुलूप होतं. मालक भेटला नव्हता. मी म्हणालो, “अरे बाबा, आज राहू दे. कोण बघतंय?” त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मीही त्याच्याशेजारी खाली बसलो. आम्ही तिघं त्या पायरीवर बसून राहिलो. त्याच्या गळ्यातून श्वासाची शिट्टी वाजत होती. वहिनींना पाण्याची भीती; त्या भिंतीला टेकून बसलेल्या. एवढ्या वर्षांत त्या कुठल्याच विहिरीत उतरल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळानं वर काठावर कुणाचं तरी डोकं दिसलं. उन्हामुळं चेहरा दिसत नव्हता.

“कोन हाय रं खाली?”

तो धडपडत उभा राहिला. पायांतली चप्पल काढली. ताठ झाला, तोंड उघडलं, ओठ हलवले. गळ्यातून नुसती हवा आली. टॉवेल बाजूला करून त्यानं भोकावर बोट दाबलं आणि परत ओठ हलवले. तीही हवाच. खोकल्याची मोठी उबळ आली. वरून परत आवाज, “आरं, कोन हाय? बोला की!”

मी तोंड उघडलं, तर त्यानं माझं मनगट धरलं. त्याचं नाव दुसऱ्यानं सांगायचं नाही. एवढ्या वर्षांत मी ते कधी सांगितलं नव्हतं आणि आजही त्याला ते नको होतं. तसाच ओठ हलवत वर बघत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकल्याचं की कशाचं ते मला माहीत नाही.

आणि वहिनी उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. आमच्याकडच्या त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बँकेत नवऱ्याचं नाव विचारलं तर वहिनी न बोलता पासबुक पुढं सरकवायच्या, आणि आम्ही दोघं त्यांना त्यावरून चिडवायचो. त्या वहिनींनी वर मान केली आणि त्याचं नाव घेतलं. पहिल्या अक्षराला आवाज चिरकला, मग सुटला. त्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, गाव. “आन् आमचं घर बुद्धविहारामागं हाय! आमचे मालक आजारी हायेत. त्यांना पान्यात उतरायचंय!”

सगळी बारव त्या नावानं भरून गेली. भिंतीभिंतींतून ते परत आलं.

वरचं डोकं क्षणभर हललं नाही. “बरं बरं,” आवाज आला. “शेवाळ हाय ताई. हात धरून उतरवा त्यांना.” आणि डोकं दिसेनासं झालं.

तो उतरला. आधी घोटे, मग गुडघे, मग कंबर. मी एका हातानं भिंतीतला कोनाडा आणि दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरला होता. वहिनी लुगड्यानिशी त्याच्यासमोर पाण्यात उभ्या, दोन्ही तळवे त्याच्या गळ्याखाली आडवे धरून, शिंतोडासुद्धा उडू नये म्हणून. मला वाटलं होतं तो पाण्यावर हात मारील, डोळे मिटील, निदान इकडंतिकडं बघेल. त्यानं पाण्याकडं पाहिलंच नाही. तो वहिनींकडं बघत होता. मग त्यानं ओला हात वर काढला आणि एक बोट उभं केलं.

परत एकदा.

“गप बसा,” वहिनी म्हणाल्या. “झालं तेवढं बास. लोक काय म्हनतील.”

बोट खाली येईना. वहिनींनी एकदा वर काठाकडं पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. मग माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवलं आणि भिंतीचे दगड बघत राहिलो. माझ्या पाठीमागं त्यांनी ते नाव परत घेतलं, अगदी हळू, नुसतं पहिलं नाव, पुढंमागं काही नाही.